न बोलणारा गडी : भूमिका-खेळांच्या इतिहासाकडे एका कोपऱ्यातून

मराठी मुलांच्या खेळात 'कच्चा लिंबू' नावाची एक संस्था असते. संस्था हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. लपंडाव असो, लंगडी असो की डबा ऐसपैस. वयाने लहान किंवा खेळात नवखे असलेले पोर हट्ट धरून बसले, की मोठी मुले त्याला कच्चा लिंबू म्हणून आत घेतात. ते धावते, लपते, आरडाओरडा करते. पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, तरी गल्लोगल्ली तो पाळला जातो. त्यात दया आहे तसे शहाणपणही आहे. नवख्याला खेळ शिकवायचा तर आधी त्याला खेळाच्या आत घ्यावे लागते, आणि आत घेताना काही काळ त्याच्याकडून थोडे कमी मागावे लागते.

मोठी माणसे खेळू लागली की हे शहाणपण विसरतात, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासमंडळातील पाच-सहा जणांनी शनिवारी संध्याकाळी 'रोल-प्लेइंग गेम' खेळायला सुरुवात केली. कथनशास्त्रावर बोलणाऱ्यांनी एकदा कथा मिळून रचून पाहावी, एवढाच त्यामागचा विचार होता. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी आली. तीन आठवडे ती नियमाने येत राहिली आणि त्या तीन आठवड्यांत मिळून दहा वाक्येसुद्धा बोलली नसेल. तिने संकोचू नये म्हणून आम्ही आमच्या परीने प्रयत्न केले. दर थोड्या वेळाने खेळ थांबवून आमच्यापैकी कोणीतरी विचारी, "बरं, तू काय करतेस?" मग सगळे तिच्याकडे पाहत आणि वाट बघत. चौथ्या आठवड्यात ती आली नाही. पुढे कधीतरी भेटली तेव्हा म्हणाली, "मला खेळ फार आवडत होता. फक्त तुम्ही सगळे थांबून माझ्याकडे बघायचात, ते नको वाटायचं."

आम्ही साहित्य शिकवणारी आणि शिकणारी माणसे. वाचक गप्प बसून वाचतो म्हणून तो निष्क्रिय आहे असे आम्ही कधी म्हटले नसते. मग टेबलाशी गप्प बसलेली व्यक्ती आम्हाला अनुपस्थित का वाटली? या प्रश्नाने आम्हाला या खेळांच्या इतिहासाकडे नेले. तो इतिहास सामान्यतः कल्पक संस्थापकांचा आणि विकल्या गेलेल्या प्रतींचा म्हणून सांगितला जातो. आम्ही तो न बोलणाऱ्या गड्याच्या जागेवरून सांगू पाहत आहोत.

१

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण हवे. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. प्रत्येकाजवळ एका पात्राची माहिती लिहिलेला कागद असतो: तो योद्धा आहे, ती वैद्य आहे, हा चोर आहे. एक जण मात्र एकच पात्र घेत नाही. तो सगळे जग सांभाळतो. त्याला गेम मास्टर किंवा पंच म्हणतात. तो सांगतो की समोर बंद दार आहे आणि आतून कोणाच्या तरी कुजबुजण्याचा आवाज येतो आहे. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. काही फाशांना वीस बाजू असतात. बहुतेक वेळा यात जिंकणारा-हरणारा कोणी नसतो. गोष्ट आठवडे, महिने, कधी वर्षेही चालते.

म्हणजे हा बोलण्याचा खेळ आहे. पट, सोंगट्या, नकाशे असले तरी ते साहाय्यक. खेळ घडतो तो वाक्यांत. बुद्धिबळात कोणी तोंडातून शब्द काढला नाही तरी तो खेळतो आहे याविषयी शंका नसते, कारण त्याचा हात प्यादे हलवतो. येथे वाक्य हीच चाल. त्यामुळे जो वाक्य उच्चारीत नाही त्याने चाल केलीच नाही असा समज सहज होतो. तो समज किती खरा, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२

या खेळांची वंशावळ प्रशियाच्या सैन्यापर्यंत पोचते. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या एका सरदाराने युद्धाचा सराव करण्याचा खेळ प्रशियाच्या राजापुढे ठेवला, आणि १८२४ मध्ये सैन्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने त्याची सुधारित नियमावली प्रसिद्ध केली. 'क्रीगश्पील' या नावाने तो ओळखला जातो. या खेळातील एक तपशील आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खेळणारे अधिकारी आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत. पंच ते वाचून नकाशावरील ठोकळे हलवी आणि ज्याच्या सैन्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच त्याला कळवी. म्हणजे या खेळाच्या पणजोबाच्या घरी बोलणे हे पंचाचे काम होते. खेळाडूचे साधन लेखणी होते. १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने किचकट नियम बाजूला सारून पंचाच्या अनुभवी निर्णयाला प्राधान्य दिले. अमेरिकेत १८८० साली चार्ल्स टॉटन याने 'स्ट्रॅटेगॉस' हे याच जातीचे पुस्तक लिहिले.

हे पुस्तक सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती पडले. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ होते. १९६९ साली वेस्लीने नेपोलियनच्या काळातील एक काल्पनिक जर्मन गाव घेतले, त्याचे नाव ब्राउनश्टाइन. दोन सैन्ये या गावावर चाल करून येणार होती. पण त्या दिवशी अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त लोक आले. दोन सेनापती आणि त्यांचे थोडे साहाय्यक एवढ्यांत सगळ्यांना सामावून घेणे शक्य नव्हते. वेस्लीने उरलेल्यांना गावातल्या माणसांच्या भूमिका देऊन टाकल्या: कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती. लढाई राहिली बाजूला; लोक खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुजू लागले, कारस्थाने करू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि त्यासाठी नियम जागच्या जागी करावे लागले. वेस्लीला वाटले, सगळा गोंधळ झाला, प्रयोग फसला. खेळाडू मात्र पुन्हा कधी म्हणून त्याच्या मागे लागले.

भूमिका-खेळाचा उगम बहुतेक इतिहासकार या संध्याकाळशी जोडतात. आम्हाला त्यातील दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. हा प्रकार जन्माला आला तो जादा आलेल्यांची सोय करताना. ज्यांच्यासाठी खेळात जागाच नव्हती, त्यांना परत पाठवण्याऐवजी खेळ रुंद केला गेला. आपल्याकडे 'नवा गडी, नवे राज्य' असे म्हणतात. येथे ते अक्षरशः घडले.

वेस्लीच्या मंडळातील डेव्ह आर्नेसन याने पुढे 'ब्लॅकमूर' नावाचे अद्भुत जग रचले आणि १९७१ पासून सेंट पॉलमधील आपल्या घराच्या तळघरात तो ते खेळवू लागला. १९७२च्या अखेरीस त्याने ते विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्सला दाखवले. दोघांच्या सहकार्यातून १९७४च्या आरंभी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. त्या पुस्तिकांत एका मोहिमेसाठी खेळाडूंची जी संख्या सुचवलेली आहे ती आज वाचताना डोळे विस्फारतात: चारपासून पन्नासपर्यंत, आणि दर वीस खेळाडूंमागे साधारण एक पंच.

वीस माणसे एकाच टेबलाशी एकाच पंचाशी बोलू लागली तर काय होईल, याची कल्पना ज्याने वर्ग घेतला आहे त्याला देण्याची गरज नाही. म्हणून त्या काळात 'कॉलर' नावाचे एक पद होते. खेळाडू आपापसांत विचारविनिमय करीत, आणि ठरलेले सगळ्यांच्या वतीने एक जण पंचाला सांगे. मूळ पुस्तिकांत खेळ कसा चालतो हे दाखवणारा जो संवाद दिलेला आहे तो दोघांतलाच आहे: पंच आणि कॉलर. बाकीचे हजर आहेत. त्यांचे शब्द तेवढे छापलेले नाहीत. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे याने संपादित केलेल्या प्राथमिक आवृत्तीत कॉलरबरोबर 'मॅपर'चेही काम समजावून सांगितलेले आहे. पंच जे वर्णन करी त्यावरून कागदावर भुयाराचा नकाशा काढत जाणारा तो मॅपर. डावीकडे तीस फूट, मग दार, मग वळण. या माणसाने चुकीची रेघ मारली तर सगळी टोळी वाट चुके. म्हणजे संध्याकाळभर शब्द न बोलता, मान खाली घालून बसलेला माणूस अत्यंत गरजेचा असू शके.

असे म्हणता येईल की आरंभीच्या काळात या खेळाने प्रत्येकाने पंचापुढे बोललेच पाहिजे अशी अट कधी घातली नव्हती. नवखा मनुष्य शेजाऱ्याच्या कानात विचारी, ऐकता ऐकता शिके, फासा टाकायची पाळी आली की फासा टाकी. पंचासमोर उभे राहून बोलण्याची वेळ त्याच्यावर येत नसे. कच्चा लिंबू हे नाव तिकडे नव्हते, पण जागा होती.

३

१९८०च्या दशकात ही पदे हळूहळू मागे पडली. टोळ्या लहान झाल्या. चार-पाच खेळाडूंना प्रवक्त्याची गरज उरली नाही. त्याच वेळी खेळाची रुचीही बदलत होती. भुयारातून खजिना आणण्यापेक्षा आपल्या पात्राचा स्वभाव, त्याची भाषा, त्याचे दुःख यांत लोकांना रस वाटू लागला. साहित्याच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हणावी लागेल. पण जेव्हा पात्र जगवणे म्हणजे पात्राच्या आवाजात बोलणे असे समीकरण बसू लागले, तेव्हा न बोलणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. मॅपरचे मौन हे काम होते. आता तेच मौन उणीव ठरू लागले.

या काळातील लेखनातही त्याच्या खुणा सापडतात. १९८० साली ग्लेन ब्लॅको याने 'डिफरन्ट वर्ल्ड्स' या नियतकालिकात खेळण्याच्या प्रवृत्तींचे चार प्रकार सांगितले: सत्ता-सामर्थ्य मिळवण्याची, भूमिका जगण्याची, डावपेच लढवण्याची आणि गोष्ट रचण्याची. हे वर्गीकरण पुढे पुष्कळांनी वापरले. चारही प्रवृत्ती काही तरी करू पाहणाऱ्यांच्या आहेत. जो नुसता असू पाहतो, ऐकू पाहतो, त्याचे घर या चौकटीत नाही. ते मिळायला बराच काळ जावा लागला. २००२ मध्ये रॉबिन लॉज या अनुभवी खेळकर्त्याने पंचांसाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात खेळाडूंच्या प्रकारांत एक 'सहज' खेळाडूही धरला. हा मनुष्य मित्रांच्या संगतीसाठी येतो, मध्यभागी यायला त्याला आवडत नाही, आणि त्याला बळे पुढे ओढण्यात त्याचे भले नाही, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आम्ही ते पुस्तक आधी वाचले असते तर त्या विद्यार्थिनीचे तीन शनिवार सुखात गेले असते.

दुसऱ्या बाजूने काही खेळकर्ते नियमांतूनच वाट काढीत होते. मिनेसोटातच १९८७ साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी 'आर्स मॅजिका' रचला. त्यात प्रत्येकाजवळ एक बलाढ्य मांत्रिक असतो, पण सगळे मांत्रिक एकाच वेळी मोहिमेवर जात नाहीत. आज ज्याचा मांत्रिक घरी आहे तो एखादा साधा शिपाई घेऊन खेळतो, आणि हे शिपाई कोणा एकाचे नसतात, सगळ्या टोळीचे असतात. महत्त्वाची भूमिका आणि किरकोळ भूमिका या माणसांना कायमच्या चिकटत नाहीत. आज मागे राहणे हा कमीपणा नसतो, कारण उद्या पुढे यायचे असते.

१९९१च्या 'अँबर' या फासे नसलेल्या खेळात आणखी एक दार उघडले. खेळाडूने आपल्या पात्राची रोजनिशी लिहिली किंवा चित्रे काढली तर त्याबद्दल त्याच्या पात्राला गुण मिळत. टेबलाशी जीभ अडखळते, पण घरी जाऊन चार पाने लिहिता येतात, अशा माणसाला खेळाने प्रथमच नियमाने मोजले. तसे पाहता लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी होती. १९७५ साली ली गोल्ड यांनी लॉस एंजेलिसहून 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' सुरू केले. त्यात निरनिराळे खेळाडू आपापली पाने लिहून पाठवीत आणि ती एकत्र बांधून सर्वांना धाडली जात. जवळपास पन्नास वर्षे ते चालले. टेबलाशी कोण किती बोलत होते हे त्या पानांवरून ओळखता येत नाही, आणि ही गोष्ट आम्हाला फार आश्वासक वाटते.

२००४ मधील मॅट विल्सन यांच्या 'प्राइमटाइम ॲडव्हेंचर्स'मध्ये दूरचित्रवाणी मालिकेप्रमाणे प्रत्येक पात्राचे महत्त्व भागागणिक आधीच ठरवले जाते. या भागात कोणाची कथा मध्यभागी आणि कोण कडेला, हे सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय दुसऱ्याचे काही आवडले तर ते दाखवण्यासाठी खेळाडू एकमेकांना 'चाहत्याचे पत्र' म्हणून गुण देतात. म्हणजे लक्षपूर्वक ऐकणे आणि दाद देणे यालाही खेळात चलन मिळाले. २०१३ मध्ये अ‍ॅव्हरी ऑल्डर यांच्या 'द क्वायट इयर'ने तर बोलण्यावरच लगाम घातला. पत्त्यांचा जोड म्हणजे वर्ष, एक पत्ता म्हणजे एक आठवडा. सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात. ज्याची पाळी तो ठरवतो, इतरांनी मध्ये सल्ला द्यायचा नाही. चर्चा घ्यायची तर प्रत्येकाने एकदाच बोलायचे. कोणाला आपले मत डावलले गेले असे वाटले तर त्याने भांडायचे नाही, समोरच्या ढिगातून एक लहानसा खडा उचलून आपल्यापुढे ठेवायचा. जो सर्वांत जास्त बोलतो त्याचे बोलणे सर्वांत जास्त कापले जाते, आणि जो गप्प असतो त्याचा रागही टेबलावर दिसतो.

त्याच दशकात जॉन स्टाव्हरोपोलस यांनी 'एक्स-कार्ड' ही साधी युक्ती रूढ केली. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड असते. चालू प्रसंग कोणाला असह्य झाला तर त्याने नुसते त्या कार्डाला बोट लावायचे. कारण सांगावे लागत नाही. जो बोलू शकत नाही त्याला नकार देता येतो, हा या युक्तीचा गाभा आहे. २०२० मध्ये स्पेन्सर स्टार्क यांचा 'अ‍ॅलिस इज मिसिंग' आला. एक मुलगी हरवली आहे आणि तिची मित्रमंडळी तिला शोधताहेत. सुमारे दीड तास हा खेळ पूर्ण मौनात, एका खोलीत बसून एकमेकांना मोबाइलवर संदेश पाठवून खेळायचा असतो. राइसविट्झच्या अधिकाऱ्यांची चिठ्ठी दोनशे वर्षांनी अशी परतून आली.

याच काळात उलट दिशेचा ओढाही होता. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलावंत हा खेळ प्रेक्षकांपुढे खेळू लागले आणि लाखो लोकांनी खेळाची पहिली ओळख त्यातून करून घेतली. खेळ लोकप्रिय झाला हे चांगलेच. पण नाटकघर पाहून आलेला नवखा जेव्हा स्वतः टेबलाशी बसतो, तेव्हा आपल्याला तसे आवाज काढता येत नाहीत या जाणिवेनेच तो निम्मा गार होतो.

४

आता थोडे तात्त्विक. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन याने १९७७ ते १९७९ या काळात त्याच मिनेसोटातील टोळ्यांमध्ये स्वतः खेळत राहून अभ्यास केला. 'शेअर्ड फँटसी' हे त्याचे पुस्तक १९८३ साली निघाले. गॉफमनच्या विचारावर आधारून तो सांगतो की टेबलाशी बसलेला मनुष्य एकाच वेळी तीन चौकटींत वावरत असतो: तो एक व्यक्ती असतो, नियम वापरणारा खेळाडू असतो, आणि एक पात्रही असतो. त्याचे हे विश्लेषण आम्ही मौनाला लावून पाहिले, तेव्हा आमची चूक आम्हाला नीट दिसली.

मौन तीन ठिकाणी राहू शकते. व्यक्ती गप्प असेल, कारण तिचा स्वभाव तसा आहे किंवा या घरात ती नवी आहे. खेळाडू गप्प असेल, कारण कोणता फासा केव्हा टाकायचा ते त्याला अजून कळलेले नाही. आणि पात्र गप्प असेल, कारण ते अबोल पात्रच त्याला हवे आहे. तिन्हींवर उपाय वेगळे. पहिल्याला वेळ हवा, दुसऱ्याला शेजारी बसून हळू आवाजात सांगणारा हवा, तिसऱ्याला काहीच नको. "तू काय करतेस?" हा सर्वांसमक्ष विचारलेला प्रश्न तिन्हींवर एकच औषध म्हणून वापरला जातो आणि तिन्हींना अपाय करतो.

आपल्या परंपरेने या बाबतीत पुष्कळ विचार केलेला आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा येते. प्रेक्षक हसले, वाहवा म्हणाले, हळहळले, रोमांचित झाले, तर ती मानुषी सिद्धी. दैवी सिद्धीच्या खुणा निराळ्या: प्रेक्षागृह भरलेले आहे, आणि शब्द नाही, चलबिचल नाही. भरल्या सभेची शांतता ही भरताने वरची पायरी मानली. अर्थात टेबलावरच्या खेळात वेगळा प्रेक्षक नसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यामुळेच आमचा मुद्दा बळकट होतो. येथे जे बोलतात तेच आळीपाळीने श्रोते होतात, आणि ज्याला आपल्या पुढच्या वाक्याची घाई नाही असा श्रोता बहुधा एकच असतो, तो न बोलणारा गडी. गोष्ट सांगणाऱ्या आजीला हुंकार लागतो. हुंकार थांबला की ती विचारते, झोपलास का रे? शाहिरामागचा झीलकरी कवन रचत नाही, तो शेवटचे शब्द उचलून धरतो. पण झील नसेल तर शाहिराचा दम किती टिकेल, ते पोवाडा ऐकलेल्यांना सांगायला नको.

येथे एका धोक्याची नोंद केली पाहिजे, नाहीतर हा लेख मौनाची आरती होईल. सगळीच मौने निवडलेली नसतात. फाइनने पाहिलेल्या टोळ्यांत स्त्रिया फार थोड्या होत्या, आणि ज्या टेबलाशी बहुतेक जण एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात तेथे बाहेरून आलेल्याचे वाक्य मध्येच तोडले जाणे ही रोजची गोष्ट असते. कॉलरची जुनी पद्धत नवख्याला आडोसा देत होती तशीच ती कॉलरला सत्ताही देत होती. इतरांनी ठरवलेले त्याने पंचाला सांगितलेच नाही तर? गप्प राहण्याचा हक्क आणि गप्प बसवले जाणे यांतला फरक बाहेरून दिसत नाही. दोन्हींत माणूस तसाच बसलेला दिसतो. तो ओळखायची एकच कसोटी आम्हाला सुचते: या माणसाने उद्या तोंड उघडायचे ठरवले, किंवा रेघ मारायचे, चिठ्ठी लिहायचे, कार्डाला बोट लावायचे ठरवले, तर ते खेळात उमटेल का? उमटणार असेल तर त्याचे आजचे मौन त्याचे स्वतःचे आहे. उमटणार नसेल तर त्याला कितीही प्रेमाने बोलायला सांगून उपयोग नाही, कारण उणीव टेबलात आहे.

५

आमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत. वर्गातील तोंडी सहभागाला गुण देण्याची प्रथा आता सर्वत्र रुळली आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीला अचानक उभे करून "सांग पाहू तुझं मत" असे विचारण्यात आपण तिला संधी देतो आहोत, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. खेळाच्या टेबलाने ती ढिली केली. वर्गातही कॉलर असतात, मॅपर असू शकतात, रोजनिशीची पाने असू शकतात. ज्या विद्यार्थ्याने तासभर तोंड उघडले नाही त्याच्या वहीत कवितेचा सगळ्यात चांगला आराखडा सापडतो, हे आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिले आहे आणि तरी त्याला 'सहभाग' या रकान्यात शून्य दिले आहे.

ती विद्यार्थिनी आमच्या खेळात परत आली नाही. आम्ही बोलावले होते. ती हसली आणि बघते म्हणाली. तो तिचा निर्णय होता. पुढच्या वर्षी आणखी एक तसाच अबोल मुलगा आला तेव्हा आम्ही थोडे वेगळे वागलो. त्याला सर्वांसमक्ष काही विचारले नाही. बोलायचे नसेल तर फक्त फासा टाकला तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी शेजारच्याने त्याला हळूच सांगून ठेवले. प्रश्न विचारायचाच तर गेम मास्टर असा विचारी की त्याचे उत्तर मानेने देता यावे: तुझा पहारेकरी दाराशी थांबतो की आत येतो? आणि टेबलावर एक मोठा कागद, पट्टी व पेन्सिल ठेवून दिली, कोणाच्याही पुढे न सरकवता.

दुसऱ्या बैठकीत त्याने पट्टी उचलली. त्यानंतरच्या चार महिन्यांत तो किती बोलला ते आम्ही मोजले नाही. पण एकदा आमच्यातील सर्वांत बोलका गडी तावातावाने सगळ्यांना पूर्वेच्या भुयारात घेऊन निघाला, तेव्हा कागदावरून मान वर न करता तो एवढेच म्हणाला, "तिकडे पूल नाही. मागच्या वेळी आपणच जाळला."

सगळे थांबले. नकाशा पाहिला. पूल खरोखरच नव्हता.